लॅकॉकभोवतीचा गोल फेरा: आधी वाट आखा, मग डब्या निवडा

प्रश्न थोडक्यात असा: कुटुंब रेडिंगला राहतं. जूनमध्ये पुण्याहून सासू-सासरे येताहेत. नऊ वर्षांच्या मुलीला जिओकॅशिंगचं (लोकांनी लपवलेल्या डब्या फोनवरच्या नकाशावरून शोधायच्या आणि आतल्या कागदावर नाव लिहायचं, असा खेळ) वेड लागलंय, सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. एखाद्या जुन्या इंग्रजी गावाभोवती सगळ्यांना जमेल असा, निघालो तिथेच परत येणारा फेरा हवा आहे. मागच्या खेपेला असाच बेत केला तेव्हा दिवसभरात दोनच डब्या मिळाल्या आणि मुलगी रडकुंडीला आली. चुकलं काय आणि आता कुठे जावं?

आधी ‘चुकलं काय’ याचं उत्तर. तुम्ही लिहिलंय की ॲप उघडलं, नकाशावर जवळ दिसेल त्या डबीकडे निघालात, ती नाही सापडली तर पुढची. बहुतेक सगळे असंच करतात आणि दिवस वाया जातो. जुन्या गावात तर हमखास. डबी नकाशावर सरळ रेषेत तीनशे मीटरवर दिसते, पण मध्ये नदी असते, कोणाचं तरी शेत असतं, काटेरी कुंपण असतं. म्हणून क्रम उलटा करा. आधी पायवाट ठरवा, मग त्या वाटेवरच्याच डब्या निवडा. वाटेपासून लांबच्या डब्या, कितीही मोहात पाडणाऱ्या असल्या तरी, सोडून द्यायच्या.

गाव म्हणाल तर मी लॅकॉक सुचवेन. विल्टशरमध्ये, चिपनमच्या दक्षिणेला साधारण पाच किलोमीटरवर. रेडिंगहून चिपनमला थेट गाडी आहे आणि तिथून मेल्कशमकडे जाणारी बस लॅकॉकला थांबते. कारने गेलात तर एम४ च्या १७ नंबरच्या जंक्शनला उतरून ए३५० धरायचा. गाडी गावात घालू नका. हिदर वे या रस्त्यावर नॅशनल ट्रस्टचा (जुन्या वास्तू जपणारी संस्था, हे गाव तिच्याच मालकीचं) वाहनतळ आहे, तिथेच लावा. गावात गल्ल्या अरुंद आहेत आणि तिथे माणसं राहतात, हे पर्यटकांच्या लक्षात येत नाही. घरं मध्ययुगीन असली तरी आत भाडेकरू कुटुंबं आहेत. खिडकीला नाक लावून आत बघणारे लोक रोज येतात, त्यांत आपली भर नको.

हे गाव असं जसंच्या तसं उरलं कसं, हे सासऱ्यांना नक्की आवडेल. १२३२ साली एला या सॅलिसबरीच्या काउंटेसने इथे ऑगस्टिनियन जोगिणींचा मठ स्थापला. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडीत काढले, त्यात १५३९ साली हाही गेला. मग विल्यम शॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाने तो विकत घेतला, मठाचं चर्च पाडलं आणि बाकीच्या इमारतीचं राहतं घर केलं. (हेच महाशय पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीतल्या अफरातफरीत सापडले.) घर पुढे टॅलबट घराण्याकडे गेलं आणि घराबरोबर गावही त्यांच्याच मालकीचं राहिलं. मालक एकच, त्यामुळे इथलं घर पाड, तिथे इमले चढव असले उद्योग झालेच नाहीत. १९४४ साली मटिल्डा टॅलबट यांनी मठ आणि गाव दोन्ही नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. याच घरात मॅग्ना कार्टाची, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, १२२५ सालची प्रत शतकानुशतकं पडून होती. तीही मटिल्डाबाईंनी १९४६ साली ब्रिटिश म्युझियमला दिली.

आता वाट. गाव म्हणजे मुळात चार रस्त्यांचा चौकोन: हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट. चौकोनाची एक फेरी एक किलोमीटरसुद्धा भरत नाही. चर्च स्ट्रीटने सेंट सिरियाक चर्चपाशी पोचलात की चर्चसमोरून डावीकडे वळा. पुढे ओढा आडवा येतो. गाड्या पाण्यातून जातात आणि माणसं शेजारच्या छोट्या दगडी पुलावरून. पूर्वी सामान लादलेली घोडी याच पुलावरून जायची. पूल ओलांडून थोडं वर गेलं की उजव्या हाताला झुलतं फाटक लागतं, एका वेळी एकच माणूस जाईल असं. तिथून शेतातली पायवाट रेब्रिज या मोजक्या घरांच्या वस्तीला जाते. रेब्रिजला एव्हन नदीवरचा पूल ओलांडा, लगेच उजवीकडे फाटकातून कुरणात शिरा आणि नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालत राहा. काही वेळाने बोडेन हिलहून लॅकॉकला येणारा रस्ता लागतो. उजवीकडे वळून पूल ओलांडला की मठाजवळून पुन्हा वाहनतळ. सगळं मिळून तीन-साडेतीन किलोमीटर. शेवटचा डांबरी तुकडा तेवढा जपून चाला, गाड्या वेगात येतात. मुलीचा हात धरा.

दमदार मंडळींसाठी हाच फेरा पूर्वेला टेकडीवर वाढवता येतो, बोडेन हिलवरून खाली उतरत. ती वाट जुन्या विल्ट्स अँड बर्क्स कालव्याची खूण ओलांडते. १८१० मध्ये पूर्ण झालेला हा कालवा रेल्वेने मारला आणि १९१४ साली कायदा करून रीतसर बंद केला. पण तो फेरा आठ-नऊ किलोमीटरचा आहे. या वेळी तो विसरा.

घरून निघण्याआधी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १५६ हा नकाशा बघा, कागदी किंवा फोनवर. १:२५,००० प्रमाणाच्या या नकाशावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे ज्यांवरून चालण्याचा तुम्हाला कायदेशीर हक्क आहे अशा वाटा. शेत खाजगी असलं तरी त्या रेषेवरून तुम्हाला कोणी हटकू शकत नाही. रेषा सोडलीत की मात्र तुम्ही आगंतुक. प्रत्यक्ष वाटेवर खांबांवर बाण असतात: पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलवालेही जाऊ शकतात. डबीकडे जायला बाणाची वाट सोडावी लागतेय असं वाटलं, तर जवळपास नेहमीच तुम्ही चुकीच्या बाजूने आला आहात. मागे फिरा, दुसरीकडून वाट असतेच.

वाट ठरली की ॲपमध्ये त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पन्नास मीटरच्या आत काय आहे ते बघा. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावं असा नियम आहे, म्हणजे या फेऱ्यावर कागदोपत्री वीसेक डब्या मावतील. प्रत्यक्षात इतक्या नसतात. नॅशनल ट्रस्टच्या जागेत त्यांच्या परवानगीशिवाय लपवता येत नाही, संरक्षित वास्तूंना तर हातच लावायचा नाही. म्हणून डब्या गावाच्या कडेला, फाटकांपाशी, पुलांजवळ, पायवाटांच्या तिठ्यांवर असतात. कोणत्या डब्या आज जिवंत आहेत ते मी इथे लिहीत नाही; त्या बंद होतात, नव्या येतात. त्याच आठवड्यात बघा आणि शोधून गेलेल्यांच्या शेवटच्या नोंदी वाचा. शेवटच्या तिघांनी ‘सापडली नाही’ लिहिलं असेल तर ती डबी यादीतून काढा. नऊ वर्षांच्या मुलीसोबत जाताना ही एक सवय बाकी सगळ्या युक्त्यांहून जास्त कामाची.

ॲपमध्ये प्रत्येक डबीला शोधण्याच्या अवघडपणाचे आणि तिथवरच्या वाटेचे तारे असतात, दोन्ही एक ते पाच. तुमच्यासाठी दोन्ही दोनच्या आतच. वाटेचा एकच तारा म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही पोचता येईल. दीड झाला की ती हमी गेली. आकारही बघा. बिया-नखांएवढ्या नॅनो डब्या मोठ्यांना गंमत वाटतात, मुलांना नाही. मुलीला आत काहीतरी हवं असतं, म्हणून निदान एक-दोन ‘स्मॉल’ किंवा ‘रेग्युलर’ डबे यादीत असू द्या. आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची. खाऊ ठेवायचा नाही, उंदीर-कोल्हे डबा फोडतात. आकडा कोरलेला बिल्ला मिळाला तर तो प्रवासी असतो, स्वतःजवळ ठेवायचा नाही. क्रमांक नोंदवून पुढच्या डब्यात सोडायचा. फुकट खात्यात सगळ्या डब्या दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा. एका महिन्यापुरतं पैसे भरलेलं खातं घेणं परवडतं. माहिती आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, कुरणात सिग्नलचा भरवसा नाही.

चर्चची डबी मात्र सोडू नका, तिथे असली तर. इंग्लंडात ‘चर्च मायक्रो’ नावाची मालिका आहे, हजारो चर्चभोवती पसरलेली. पुष्कळदा ती दोन टप्प्यांची असते: चर्चपाशी फलकावरचे, दगडावरचे आकडे शोधायचे, त्यांतून दुसरी जागा काढायची आणि खरी डबी तिथे, थोड्या अंतरावर. ही जात मला सगळ्यात आवडते. एरवी जे फलक कोणी वाचत नाही ते वाचावेच लागतात. आजोबांनी सनावळ्या वाचायच्या, नातीने बेरजा करायच्या. जोडी उत्तम जमते.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट सांगतो, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. लॅकॉकमधली जागा साधारण अशी दिसेल: उ ५१° २४.एबीसी, प ००२° ०७.डीईएफ. सहा अक्षरांच्या जागी सहा अंक भरायचे. यातला एबीसीचा शेवटचा अंक एकाने चुकला तर उत्तर-दक्षिण फरक पडतो जेमतेम १.८५ मीटरचा, मधला चुकला तर साडेअठरा मीटर, पहिला चुकला तर १८५ मीटर. पूर्व-पश्चिम दिशेला या अक्षांशावर फरक थोडा कमी, पहिल्या अंकामागे ११५ मीटरच्या आसपास. म्हणजे शंका असेल तर आधी ए आणि डी पुन्हा तपासा; सी आणि एफ चुकले तरी झुडूप तेच राहतं. उत्तर नदीपात्रात किंवा कोणाच्या परसात पडत असेल तर गणित चुकलंय, पाय पुढे टाकू नका. आणि पश्चिमच्या जागी पूर्व घालू नका. भारतातल्या जागा पूर्व रेखांशाच्या, त्यामुळे बोट सवयीने तिकडे जातं. लॅकॉकचा आकडा पूर्व म्हणून टाकलात तर फोन तुम्हाला बेल्जियमच्या अलीकडच्या समुद्रात नेऊन सोडेल.

शोधताना फोन दहा मीटरच्या आत आला की खिशात टाका. पानांखाली आणि दगडी भिंतींजवळ त्याची सुई पाच-दहा मीटर हलतेच, तिच्यामागे गोल गोल फिरण्यात अर्थ नाही. त्याऐवजी उभं राहून विचार करा: मी लपवली असती तर कुठे? इंग्रजी पायवाटेवर उत्तरं ठरलेली आहेत. फाटकाच्या खांबामागे, दिशादर्शक खांबाच्या बुंध्याशी, आयव्हीच्या वेलात, झाडाच्या मुळांच्या खोबणीत दोन-तीन काटक्या अनैसर्गिक समांतर ठेवलेल्या दिसतील तिथे, लोखंडी कठड्याच्या आतल्या अंगाला चुंबकाने. भिंतीतले दगड मात्र उपसू नका. दगडावर दगड नुसता रचलेली भिंत एक दगड काढला की पुढच्या पावसाळी आठवड्यात ढासळते. असल्या भिंतीत डबी लपवणाराही शहाणा नव्हे. घड्याळ लावून दहा मिनिटं. नाही मिळाली तर ‘सापडली नाही’ अशी नोंद करून पुढे. ती नोंद करायला लोक लाजतात, पण पुढच्याला आणि डबीच्या मालकाला तिचाच उपयोग होतो.

मिळणाऱ्या डब्यांत सगळ्यात जास्त आढळते ती ३५ मिलिमीटर फिल्मची काळी प्लॅस्टिकची डबी. लॅकॉकमध्ये ती हाती आली तर मुलीला थांबवून एक गोष्ट सांगा, कारण हे गाव फोटोच्या निगेटिव्हचं जन्मस्थान आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट मठाच्या या घरात राहायचे. १८३५ च्या उन्हाळ्यात ते मीठ आणि चांदीच्या द्रावणाने माखलेला कागद छोट्या छोट्या लाकडी पेट्यांत घालून घराभोवती ठेवत आणि तास-तास उन्हात सोडून देत. त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स त्या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणत. अशाच एका पेटीतून त्या ऑगस्टमध्ये घराच्या एका जाळीदार खिडकीची निगेटिव्ह निघाली, टपालाच्या तिकिटाच्या आसपास आकाराची. आज टिकून असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह मानतात. टॅलबटने तिच्याशेजारी लिहून ठेवलंय की नवी असताना भिंगातून बघितलं तर खिडकीच्या काचेचे दोनशेच्या आसपास चौकोन मोजता येत. ती खिडकी अजून तिथेच आहे. मठात गेलात की मुलीला चौकोन मोजायला लावा. तिला डबी नाही मिळणार, पण छोट्या पेट्या लपवून ठेवण्याचा गावचा रिवाज किती जुना आहे ते कळेल.

सासूबाईंचं काय? कुरणातल्या भागावर झुलती फाटकं आहेत, जमीन खडबडीत आहे. गुडघ्यांना ते नको. त्यांच्यासाठी गावाचा चौकोन पुरे आहे. ईस्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १४व्या शतकातलं धान्याचं कोठार आहे. शेतकऱ्यांच्या पिकाचा दहावा हिस्सा तिथे जमा व्हायचा. सासऱ्यांना देवस्थानच्या वसुलीची आठवण होईल. त्याला लागूनच दारुड्यांना रात्रभर कोंडण्याची घुमटाकार दगडी कोठडी आहे. तिच्यात डोकावायला मुलांना फार आवडतं. मग तुम्ही आणि मुलगी नदीकडे जा, दोघांना मठाच्या ओवऱ्यांत किंवा चर्चमध्ये बसू द्या. ओवऱ्यांची दगडी कमानदार छतं बघत तासभर सहज जातो. मात्र मठ उघडायची वेळ आधी बघून घ्या, ती ऋतूप्रमाणे बदलते.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे: सकाळी साडेनऊच्या आत गावात पोचा. अकराच्या सुमाराला बसगाड्या येतात आणि मग चर्च स्ट्रीटवर प्रत्येक खांबापाशी कोणीतरी फोटो काढत उभं असतं; तेव्हा खांबामागे हात घालून चाचपडणाऱ्या माणसाकडे सगळे बघतात. गावातल्या डब्या आधी, मग शेतातल्या, मग जेवण आणि मठ. चालण्याला सव्वा तास, पाच-सहा डब्यांना तासभर, एवढा हिशेब ठेवा. पबमध्ये जेवायचं असेल तर दोनच्या आत बसा, त्यानंतर पुष्कळ ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं. वेस्ट स्ट्रीटवरच्या जॉर्ज इनमध्ये चुलीशेजारी एक लाकडी चाक आहे. त्या चाकात कुत्रा पळवून मांस भाजायची सळई फिरवत असत. शाकाहारी असलात तरी चाक बघून या.

गावातल्या कोणी विचारलं ‘काय शोधताय?’ तर सरळ सांगा. लपवाछपवी केली की संशय वाढतो. यॉर्कशरमधल्या वेदरबीला २०११ साली एका कॅफेबाहेर डबी हाताळणारा माणूस बघून कोणीतरी पोलिसांना कळवलं, बॉम्बशोधक पथक आलं आणि डबी स्फोट करून उडवली. गोऱ्या गावात सावळी माणसं झुडपात वाकलेली दिसली की काही नजरा जरा जास्त रेंगाळतात, हेही खरं. मुलगी सोबत असली आणि हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की नव्वद टक्के काम होतं. विचारणाऱ्या गावातल्या आजीबाई असतील तर त्या उलट तुम्हाला गावच्या चार गोष्टी सांगतील.

जूनमध्ये कुरणात गुरं असतील. आपल्याकडच्या चौकात बसलेल्या गाईंचा अनुभव इथे कामाचा नाही. वासरू सोबत असलेली गाय माणसाच्या अंगावर धावून येते, दरवर्षी लोक जखमी होतात. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, पळायचं नाही. फाटक जसं असेल तसं सोडायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

नेटलची झुडपं तोवर कमरेएवढी वाढलेली असतात. पान लागलं की खाजकुयलीसारखी आग होते. लांब पँट, बागकामाचे हातमोजे आणि एक काठी घ्या. काठीने आधी झुडूप बाजूला करायचं, मग हात घालायचा. शेजारीच रुंद पानांचं डॉक असतं, ते चोळतात. माझ्या अनुभवात गार पाणी जास्त चालतं. घरी आल्यावर मुलीचे गुडघ्यामागचे, कानामागचे, कमरेचे भाग गोचिडांसाठी तपासा. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नंतर काही दिवसांत गोल लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना दाखवा. त्याच चिमट्याने नॅनो डबीतली कागदाची सुरळीही बाहेर येते, म्हणून तो पिशवीत असावाच. पेन विसरू नका. नाव लिहिल्याशिवाय सापडली असं धरत नाहीत, आणि डबीत पेन जवळजवळ कधीच नसतं.

शेवटचं पावसाबद्दल. सलग तीन-चार दिवस पाऊस झाला असेल तर एव्हन कुरणात पसरते आणि रेब्रिजनंतरची वाट दलदल होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सरकारी पूर-इशाऱ्यांच्या संकेतस्थळावर एव्हनची पातळी बघा. पाणी चढलेलं दिसलं तर रेब्रिजपर्यंत जाऊन आल्या वाटेनेच परता. गोल फेरा होणार नाही, पण गावातल्या आणि त्या पहिल्या शेतातल्या डब्या तरीही मिळतील.